कुलपासकट प्रत

गेल्या श्रावणात अलिबागला मामांच्या घरचा माळा साफ करताना एक पत्र्याची पेटी खाली उतरवली, आणि तिच्यात सव्वापाच इंची फ्लॉपी डिस्कचे दोन खोके निघाले. मामींनी साड्यांच्या घड्यांत घालाव्यात तशा डांबराच्या गोळ्या त्यांतही घातल्या होत्या. एकोणीस खेळ होते, सव्वीस डिस्क होत्या, आणि त्यांतील एकही डिस्क हाताने लिहिलेल्या लेबलाची नव्हती. प्रत्येकीवर प्रकाशकाचे छापील लेबल होते. मामा पेनसिल्व्हेनियातील नोकरी सोडून १९८८ मध्ये परत आले तेव्हा त्यांनी कमोडोर ६४ हा संगणक, त्याचा १५४१ हा डिस्क ड्राइव्ह, एक मॉनिटर आणि ११० व्होल्टांसाठी लागणारा जडशीळ स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर एवढे सामान सोबत आणले होते. यंत्रे मी केव्हाच माझ्याकडे आणली होती, डिस्क मात्र हरवल्या असे आम्ही धरून चाललो होतो. त्या सापडल्या, परंतु समुद्राकाठच्या तीसहून अधिक पावसाळ्यांनी त्यांना सोडले नव्हते. डिस्कच्या काळ्या पाकिटाला जो लांबट झरोका असतो त्यातून आतील तबकडीवर बुरशीचे पांढरे ठिपके सरळ दिसत होते. त्या दिवसापासून आजपर्यंत मी या सव्वीस डिस्कच्या प्रती काढत आहे, आणि ते काम वाटले होते त्याहून पुष्कळच निराळे निघाले म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

लहानपणीचा एक प्रसंग आधी सांगावा लागेल, कारण या कामातील खरी अडचण मला त्या वेळीच, न समजता, कळली होती. मी अकरा वर्षांचा असताना मामांच्या एका खेळाची प्रत काढण्याचा प्रयत्न केला होता. प्रत काढणारा साधा प्रोग्राम एकेक सेक्टर, म्हणजे डिस्कवरील माहितीचा एकेक तुकडा, वाचून कोऱ्या डिस्कवर उतरवत गेला, एका ठिकाणी ड्राइव्ह खडखडला, तेवढा भाग सोडून प्रोग्राम पुढे गेला आणि अखेरीस काम पूर्ण झाल्याचे त्याने सांगितले. नवी डिस्क घातल्यावर खेळाचे चित्र आले, संगीत वाजले आणि सारे जागच्या जागी गोठले. मामांनी दोन्ही डिस्क हातात घेतल्या आणि म्हणाले, "अरे, ही मुळातली डिस्क मुद्दाम बिघडवून विकलेली आहे. बिघाड हीच तिची ओळख. तुझी प्रत दुरुस्त झालेली आहे, म्हणूनच ती चालत नाही."

हे वाक्य शब्दशः खरे आहे, आणि ते का खरे आहे हे समजण्यासाठी १५४१ कसा चालतो हे पाहावे लागते. कमोडोर ६४ हा १९८२ मध्ये बाजारात आला आणि पुढे घरगुती संगणकांमध्ये प्रचंड खपला. त्याचा डिस्क ड्राइव्ह म्हणजे संगणकाशेजारी ठेवलेला दुसरा संगणकच आहे: त्यात स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आहे, दोन किलोबाइट रॅम आहे आणि सोळा किलोबाइट रॉम, म्हणजे कायमचा भरलेला प्रोग्राम, आहे. डिस्क मिनिटाला ३०० फेऱ्या घेते आणि तिच्यावर ३५ वर्तुळाकार ट्रॅक असतात. बाहेरचा ट्रॅक लांब आणि आतला आखूड असल्यामुळे पहिल्या सतरा ट्रॅकवर प्रत्येकी २१ सेक्टर, १८ ते २४ वर १९, २५ ते ३० वर १८ आणि ३१ ते ३५ वर १७ सेक्टर बसवलेले आहेत. असे एकूण ६८३ सेक्टर होतात, प्रत्येक सेक्टर २५६ बाइटचा, आणि अठराव्या ट्रॅकवर फाइलींची यादी राहते. डिस्कच्या एका बाजूस सुमारे १७० किलोबाइट मावतात.

हे सेक्टर डिस्कवर जसेच्या तसे लिहिलेले नसतात. चुंबकीय पृष्ठभागावर पुष्कळ वेळ काहीच बदल आढळला नाही तर ड्राइव्हचा ताल चुकतो, म्हणून प्रत्येक चार बिटांच्या जागी पाच बिटांचा असा संकेत लिहितात की सलग दोनांपेक्षा अधिक शून्ये कधीच येत नाहीत. या संकेतात सलग आठांपेक्षा अधिक '१' सुद्धा येत नाहीत, आणि त्याचा उपयोग करून घेऊन असे ठरवलेले आहे की सलग दहा किंवा अधिक '१' दिसले तर ती माहिती नसून सिंकची खूण, म्हणजे "येथून पुढे मोजायला लागा" अशी सूचना समजावी. प्रत्येक सेक्टरपुढे सिंक असते, मग सेक्टरचा क्रमांक सांगणारा मथळा, पुन्हा सिंक, मग माहिती आणि शेवटी बेरजेचा ताळा. ड्राइव्हची रॉम हे सारे तपासते आणि कुठे चुकले तर क्रमांक देते: मथळा सापडला नाही तर २०, सिंकच सापडली नाही तर २१, माहितीचा भाग सापडला नाही तर २२, माहितीचा ताळा चुकला तर २३, मथळ्याचा ताळा चुकला तर २७, डिस्कची ओळख जुळली नाही तर २९.

प्रत काढता येऊ नये म्हणून प्रकाशकांनी पहिले कुलूप घडवले ते याच क्रमांकांतून. कारखान्यात डिस्क तयार करतानाच एखाद्या सेक्टरचा ताळा मुद्दाम चुकीचा लिहायचा, किंवा एखाद्या ट्रॅकवरील सिंकच पुसून टाकायची, आणि खेळाला सांगायचे की सुरुवातीला तेवढी जागा वाचून पाहा. तिथे त्रुटी आली तरच पुढे चाल. साधा प्रोग्राम प्रत काढतो तेव्हा तो माहिती वाचून ती नव्या डिस्कवर व्यवस्थित, नियमाप्रमाणे, बरोबर ताळ्यासह लिहितो, आणि खेळाला हवी असलेली त्रुटी तिथे उरत नाही. माझी १९८८ मधील प्रत "दुरुस्त" झाली होती ती अशी.

या पहिल्या पिढीच्या कुलपाची किंमत ग्राहकांच्या यंत्रांनी मोजली, ही गोष्ट मला आजही खटकते. वाचणारे-लिहिणारे हेड सर्वांत बाहेरच्या ट्रॅकवर आले आहे हे सांगणारा सेन्सर १५४१ मध्ये नाही. त्रुटी आली की ड्राइव्ह हेडला बाहेरच्या बाजूला ढकलत नेतो आणि ते अडसरावर आपटत राहते, तोच तो प्रसिद्ध खडखडाट. नेहमीच्या वापरात हे क्वचित घडावे अशी अपेक्षा होती, परंतु मुद्दाम घातलेल्या त्रुटीमुळे खेळ सुरू करताना दर वेळी हेड आपटू लागले, आणि आपटून आपटून जुन्या ड्राइव्हमधील हेडची जागा किंचित सरकू लागली. जागा सरकलेल्या ड्राइव्हवर मग तीच विकत घेतलेली डिस्क वाचता येईना. पैसे देऊन खेळ घेणाऱ्याचे यंत्र झिजावे आणि कुलूप तोडलेली प्रत वापरणाऱ्याचे मात्र सुरक्षित राहावे, ही उलटी न्यायबुद्धी कोणत्याही हिशेबाने समर्थनीय नव्हती.

प्रत काढणाऱ्या प्रोग्रामांनाही त्रुटी लिहिता येऊ लागल्यावर हे कुलूप निकामी झाले, आणि त्यानंतर आली ती कुलपे खरोखर अभ्यास करण्यासारखी आहेत. हेड सरकवणारी मोटर अर्ध्या ट्रॅकच्या पावलांनी चालते, म्हणून काहींनी सतरा आणि अठरा यांच्या मधोमध माहिती लिहिली. यंत्र पस्तीसच्या पलीकडेही थोडे जाऊ शकते, म्हणून काहींनी छत्तिसाव्या किंवा त्यापुढच्या ट्रॅकवर खूण ठेवली. काहींनी एखाद्या ट्रॅकवर नेहमीपेक्षा निराळ्या वेगाने बिट लिहिले. काहींनी ट्रॅकच्या काही भागात चुंबकीय बदलच ठेवले नाहीत. अशा रिकाम्या जागी ड्राइव्हला काहीच मिळत नाही, त्याचे सर्किट संवेदनशीलता वाढवत जाते आणि दर फेरीला निराळे बिट वाचते. खेळ ती जागा दोनदा वाचतो आणि दोन्ही वेळा निराळे आले तरच डिस्क अस्सल मानतो. प्रत काढणाऱ्याने त्यांतील एक वाचन उतरवले की ते कायमचे तेच राहते, आणि प्रत उघडी पडते.

माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत सुंदर कल्पना रुंद ट्रॅकची आहे. घरातला १५४१ डिस्कच्या मधल्या मोठ्या छिद्राशेजारच्या छोट्या छिद्राकडे पाहतच नाही, त्यामुळे ट्रॅक कुठून सुरू होतो याची त्याला जाणीव नसते. तो फेरीत कुठूनही लिहायला लागतो. कारखान्यातील प्रत-यंत्राला मात्र शेजारचे दोन ट्रॅक अगदी एकाच कोनात, एकच मजकूर घेऊन, जणू एकच रुंद पट्टा असावा तसे लिहिता येतात. असा पट्टा असला की हेड त्याच्या मधोमध नेले तरी, किंवा वाचता वाचता एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर सरकवले तरी, मजकुराचा धागा तुटत नाही. घरच्या ड्राइव्हने दोन्ही ट्रॅकवर तोच मजकूर बिनचूक लिहिला तरी त्यांचे कोन जुळत नाहीत, आणि मधोमध गेल्यावर दोन्हींचा गोंधळ ऐकू येतो. येथे कुलूप मजकुरात राहिलेलेच नाही; ते दोन मजकुरांच्या परस्परांतील जागेत आहे.

यापुढे जाऊन रॅपिडलॉक, व्ही-मॅक्स आणि एपिक्स या प्रकाशकाने वापरलेले व्होर्पल अशा पद्धतींनी कमोडोरची मूळ सेक्टररचनाच टाकून दिली आणि स्वतःची रचना वापरली. त्याचा ग्राहकाला एक खरा लाभही झाला: मूळ रॉम फार सावकाश, सेकंदाला काही शे बाइट एवढ्याच वेगाने माहिती संगणकाकडे पाठवत असे, आणि या नव्या रचनांबरोबर आलेले लोडर कित्येक पट जलद होते. कुलूप आणि वेग एकाच प्रोग्राममध्ये गुंतलेले असल्यामुळे कुलूप काढायला गेले की वेगही जाई.

अशा डिस्कची प्रत काढायची तर सेक्टर विसरून संपूर्ण ट्रॅक, त्यावरील प्रत्येक बिट आहे तसा उचलावा लागतो, आणि इथे १५४१ ची रॅम आड येते. बाहेरच्या ट्रॅकवर दर २६ मायक्रोसेकंदांना एक बाइट हेडखालून जातो. फेरी एक पंचमांश सेकंदाची. म्हणजे एका फेरीत सुमारे ७,६९० बाइट येतात, आणि ठेवायला जागा दोन किलोबाइटची. म्हणून ज्यांना ही विद्या खरोखर यायची ते ड्राइव्ह उघडून आतल्या ६५२२ चिपच्या पायांना एक पट्टी केबल जोडत आणि ती संगणकाच्या मागच्या यूजर पोर्टला लावत. मग आठही बिट एकाच वेळी संगणकाच्या ६४ किलोबाइट रॅममध्ये थेट उतरत. फास्ट हॅकेम आणि मॅव्हरिक यांसारखे प्रोग्राम त्या काळी या कामासाठी विकत मिळत, आणि त्यांच्यासोबत "पॅरामीटर" नावाच्या छोट्या पुरवण्या येत: अमुक खेळाची प्रत काढली की त्यावर तमुक पॅरामीटर चालवा.

या पॅरामीटरांविषयी मला एक भेद स्पष्ट करायचा आहे, कारण माझ्या साऱ्या कामाचा तो पाया आहे. पुष्कळसे पॅरामीटर कुलपाची नक्कल करत नसत. खेळातील तपासणीच ते काढून टाकत. म्हणजे नाव प्रतीचे असले तरी काम कुलूप तोडण्याचे होते. खेळ चालावा एवढेच हवे असेल तर त्याने भागते. परंतु तोडलेली प्रत ही मूळ डिस्कची प्रत नव्हे. तिच्यात कुणीतरी बदल केलेला आहे, तो किती काळजीपूर्वक केला हे आपण पाहिलेले नाही, आणि काही खेळांनी तपासणी पहिल्या पडद्यावर न करता पाचव्या-सहाव्या टप्प्यावर दडवली होती, त्यामुळे वरवर चालणारी प्रत मध्येच कोसळू शकते. जुन्या पोथीची नक्कल करणारा लेखनिक मूळ प्रतीतील विचित्र अक्षरही तसेच उतरवतो आणि स्वतःची सुधारणा मजकुरात मिसळत नाही. मला डिस्कची नक्कल तशी हवी होती, बिघाडासह, कुलपासह.

हे करण्याचा मला अधिकार आहे का, हा प्रश्न मी टाळला नाही. अमेरिकेत १९८० च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ११७ मध्ये प्रोग्रामच्या प्रतीच्या मालकाला जपणुकीसाठी प्रत काढण्याची मुभा मिळाली होती. १९८८ मध्ये व्हॉल्ट विरुद्ध क्वेड या खटल्यात तेथील अपील न्यायालयाने, पीसीच्या डिस्कवरील कुलूप चुकवणाऱ्या प्रोग्रामाला अशी जपणुकीची प्रत काढणे हाही एक रास्त उपयोग आहे, असे मानून तो प्रोग्राम विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षांनी, १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने, कुलूप चुकवण्यावरच बंधन आले. पुढे २००३ मध्ये, कालबाह्य स्वरूपातील आणि मूळ डिस्क असल्याशिवाय न उघडणाऱ्या प्रोग्रामांना व खेळांना त्यातून सवलत देण्यात आली आणि २००६ मध्ये ती ग्रंथालये व अभिलेखागारे यांच्या कामापुरती आखण्यात आली. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये जी भर पडली तिच्यानुसार, प्रोग्रामची प्रत ज्याच्याजवळ कायदेशीरपणे आहे त्याने हानी, नाश किंवा बिघाड यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून प्रत काढणे हा हक्कभंग ठरत नाही. २०१२ मध्ये आलेले कलम ६५अ तांत्रिक संरक्षण चुकवण्याला शिक्षा सांगते, पण ती हक्कभंगाचा हेतू असल्यास. मामांच्या डिस्क त्यांनी पैसे देऊन घेतल्या, त्या आमच्याच घरात आहेत, आणि प्रती मी कुणाला देत नाही. या चौकटीत मी काम करतो आणि ते मला योग्य वाटते.

त्या काळी प्रकाशक खराब झालेली डिस्क ठरावीक मुदतीत विनामूल्य आणि नंतर थोडे शुल्क घेऊन बदलून देत. अमेरिकेत राहणाऱ्याला ही व्यवस्था पुरेशी वाटली असेल. अलिबागहून एक फ्लॉपी परदेशी टपालाने पाठवून, डॉलरमध्ये शुल्क भरून, दुसरी मागवणे १९८८ मध्ये आमच्यासारख्यांना शक्य कोटीतले नव्हते, आणि आज त्यांतील पुष्कळ प्रकाशकच उरलेले नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. बुरशी आलेली डिस्क ड्राइव्हमध्ये घालणे ही सर्वांत मोठी चूक, कारण हेड त्या बुरशीला तबकडीवर फरफटत नेते आणि चुंबकीय थर खरवडून काढते. शिवाय तीच घाण पुढच्या डिस्कवर जाते. मी पाकिटाची एक कड धारदार पात्याने उघडतो, तबकडी बाहेर काढतो, ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब घालून बोटाच्या टोकाने ती पुसतो, पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढतो आणि सुती कपड्यावर सावलीत वाळवतो. मग ती एखाद्या निरुपयोगी डिस्कच्या स्वच्छ पाकिटात घालून वाचतो. प्रत्येक डिस्कनंतर ड्राइव्हचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. पाकिटाच्या कडेला खाच असेल तर तिच्यावर पट्टी चिकटवतो, म्हणजे मूळ डिस्कवर चुकूनही काही लिहिले जाणार नाही. पुष्कळ मूळ डिस्कना तर ती खाचच ठेवलेली नसते.

वाचण्यासाठी मी १५४१ ला ती जुनी समांतर केबल जोडली आहे आणि झूमफ्लॉपी नावाच्या सर्किटच्या छोट्या यूएसबी पाटीमार्फत तो लॅपटॉपला लावला आहे. निबटूल्स हा प्रोग्राम एकेक ट्रॅक बिटांसकट उचलतो आणि जी६४ स्वरूपाची फाइल तयार करतो. कमोडोरच्या खेळांसाठी सर्वत्र वापरले जाणारे डी६४ हे स्वरूप सेक्टरांची माहिती ठेवते. पहिल्या पिढीतील त्रुटींचे क्रमांक त्यात नोंदवता येतात, पण रुंद ट्रॅक किंवा परकी रचना त्यात मावतच नाही. म्हणून डी६४ मध्ये आढळणारे खेळ बहुधा तोडलेले असतात, आणि जी६४ मध्ये कुलूप शिल्लक राहू शकते. जिथे एवढ्यानेही समाधान होत नाही तिथे मी ग्रीझवीझल ही पाटी आणि पीसीचा जुना सव्वापाच इंची ड्राइव्ह वापरतो. ही पद्धत बिटांच्याही खाली जाते आणि एका चुंबकीय बदलापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळ गेला तेवढेच नोंदवते. अर्थ लावण्याचे काम नंतर, शांतपणे, पुन्हा पुन्हा करता येते. तिच्यात एक अडचण मात्र आहे. कमोडोरच्या डिस्क उलटून दुसऱ्या बाजूनेही वापरत, आणि उलटलेल्या डिस्कचे ते छोटे छिद्र पीसीच्या ड्राइव्हच्या सेन्सरसमोर येत नाही, त्यामुळे दुसरी बाजू वाचायला ड्राइव्हमध्ये फेरफार करावा लागतो.

प्रत पुन्हा डिस्कवर उतरवणे हे वाचण्यापेक्षा अवघड निघाले. सव्वापाच इंची १.२ मेगाबाइटच्या डिस्क इथे चालत नाहीत, कारण त्यांच्या थराला जवळपास दुप्पट चुंबकीय जोर लागतो. जुन्या डबल डेन्सिटी डिस्कच हव्यात. ड्राइव्ह थोडा जरी वेगाने फिरत असला तरी ट्रॅकवर जागा कमी पडते आणि शेवटचे बिट पहिल्यांवर चढतात. पीसीच्या ८० ट्रॅकच्या ड्राइव्हने लिहावे तर त्याचे हेड अरुंद असते, पट्टा बारीक उमटतो आणि १५४१ चे रुंद हेड त्याच्या कडेला राहिलेला जुना मजकूरही ऐकते. शेवटी लिहिण्याचे काम मी १५४१ कडेच ठेवले.

मामांना सर्वांत प्रिय असलेला खेळ मायक्रोप्रोज या कंपनीचा, १९८७ मधील सिड मायर यांचा "पायरेट्स". त्याच्या डिस्कवर रॅपिडलॉकचे कुलूप आहे, जे सिंकच्या खुणांची लांबीसुद्धा मोजते आणि छत्तिसाव्या ट्रॅकवरील किल्ली पाहते. तीन वेळा प्रत फसली, कारण माझ्या ड्राइव्हवर जागा पुरावी म्हणून मी सिंक थोड्या आखूड होऊ दिल्या होत्या. वेग नीट लावून त्या मूळ लांबीने लिहिल्या तेव्हा चौथी प्रत चालली. त्या खेळाला दुसरेही एक कुलूप आहे, आणि ते कागदावर आहे. खेळ सुरू होताना तो विचारतो की स्पॅनिश खजिन्याचा ताफा किंवा चांदीचा काफिला अमुक बंदरात केव्हा पोहोचतो. उत्तर सोबतच्या छापील साहित्यात असते, आणि ते चुकले तर खेळ बंद पडत नाही, फक्त फार कठीण होतो. तेव्हा डिस्कची प्रत काढून पुस्तिका वाळवीला दिली तर जतन अर्धेच झाले. मी पुस्तिकेचे आणि नकाशाचे प्रत्येक पान स्कॅन केले. मामांनी समोर बसून पहिला प्रश्न वाचला आणि मला म्हणाले, "पुस्तिका दे इकडे. मला आठवतंय असं वाटतंय, पण खात्री करून घेऊ."

एकोणीसपैकी अठरा खेळांच्या प्रती आता झाल्या आहेत आणि प्रत्येक प्रत मूळ यंत्रावर चालवून पाहिली आहे. उरलेल्या एका डिस्कपाशी मी तीन महिने थांबलो आहे. तिच्या एका ट्रॅकवर सुमारे तीनशे बाइटांची अशी जागा आहे की जी प्रत्येक फेरीत निराळी वाचली जाते. ग्रीझवीझलने मी तिची पन्नास फेऱ्यांची नोंद घेतली. दोन फेऱ्याही जुळत नाहीत. ही जागा कारखान्यात मुद्दाम रिकामी ठेवलेली असेल तर तिची निराळी वाचने हेच कुलूप आहे, आणि प्रतीतही ती तशीच अस्थिर राखायला हवी. ती बुरशीने खाल्लेली असेल तर तिथे एके काळी स्थिर मजकूर होता, आणि अस्थिरता जपून मी फक्त एक जखम जपेन. खेळ सुरू होत नाही, पण तेही काही सांगत नाही, कारण कुलूप बिघडले तरी तो सुरू होणार नाही आणि मजकूर गेला असेल तरीही नाही. भिंगाखाली त्या जागी थर किंचित फिका दिसतो. तसा तो इतर दोन ठिकाणीही दिसतो, आणि ती दोन्ही ठिकाणे स्वच्छ वाचली जातात.

याचा निकाल एकाच मार्गाने लागतो: त्याच खेळाची, त्याच आवृत्तीची दुसरी मूळ डिस्क मिळवायची, तिचा तोच ट्रॅक वाचायचा आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवायच्या. तिथेही त्याच जागी तशीच अस्थिरता आढळली तर ती प्रकाशकाची. नाही आढळली तर ती आमच्या माळ्याची. अशी एक डिस्क कॅनडातील एका संग्राहकाकडे आहे. ती ते पाठवणार नाहीत, आणि मीही तशी विनंती केली नाही. परंतु त्यांच्याकडे वाचण्याची सामग्री आहे आणि त्या एका ट्रॅकची नोंद ते करून देणार आहेत. तोवर मामांची डिस्क नव्या पाकिटात, सिलिका जेलच्या पुडीसह, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली आहे.